धाव, ड्युको आणि चांदी रंग

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात सिकमोर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या एडवर्ड सेमूर या रंगविक्रेत्याने १९४९ साली दाबलेला वायू आणि रंग एकाच पत्र्याच्या डब्यात भरला आणि बोटाने बटण दाबून रंगाचा फवारा उडवून दाखवला. डब्यातून फवारा मारण्याची युक्ती त्याची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात डासांनी आणि मलेरियाने बेजार झालेल्या अमेरिकी सैनिकांसाठी तिथल्या शेतकी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ती आधीच बसवलेली होती. सेमूरकडे होता अ‍ॅल्युमिनियमचा रुपेरी रंग, घर उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या रेडिएटरना देण्याचा. तो गिऱ्हाइकासमोर चटकन मारून कसा दाखवायचा, एवढाच त्याचा प्रश्न होता आणि तोडगा सुचवला त्याच्या बायकोने. म्हणजे डब्यातून पहिल्यांदा फवारला गेलेला रंग ना लाल होता ना काळा. तो चांदी रंग होता. गाडीची चाकं घरच्या घरी रंगवायला बसलेल्या माणसाच्या हातात आजही बहुतेक वेळा तोच रंग असतो, तशाच डब्यातला. रंगाचं हे जुळणं योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण चाक रंगवण्याचं काम त्याआधी पाव शतक मालकाच्या हातून निसटून कॉम्प्रेसरवाल्याकडे गेलं होतं आणि या डब्याने ते पुन्हा अंगणात आणून ठेवलं, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

घासटलेलं, पोपडे उडालेलं चाक उतरवायचं, पॉलिश पेपरने घासायचं आणि रंगाचे दोन-तीन हात द्यायचे, या उद्योगाकडे आपल्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. एका नजरेला त्यात तंगी दिसते: नवं घ्यायची ऐपत नाही, म्हणून जुन्याला ठिगळ. दुसरीला नुसती हौस दिसते, आणि हौसेला मोल नसतं म्हणून तिचा विचारही करायचं कारण नसतं. मला दोन्ही समजुती तोकड्या वाटतात. चाक ही वस्तू पुन्हापुन्हा नवी करण्यासाठीच घडत आली आहे. त्याच्या वरचा थर झिजावा आणि आतलं अंग टिकावं, अशीच त्याची रचना. स्वयंपाकघरातल्या पितळी पातेल्याला आपण हाच न्याय लावत होतो. कल्हई ही जाण्यासाठीच असे. नवसागराचा धूर काढत कल्हईवाला कथलाचा नवा हात फिरवून जाई, आणि कल्हई गेली म्हणून पातेलं मोडीत काढायचा विचार कुणाच्या मनातही येत नसे. पातेल्याच्या बाबतीत जी गोष्ट शहाणपणाची, ती चाकाच्या बाबतीत कंजूषपणाची कधी झाली, याचा माग काढत गेलं की हाती येतो तो चाकाच्या पृष्ठभागाचा इतिहास. तो पृष्ठभाग कोण दुरुस्त करू शकतो आणि कोणाला ती मुभा नाही, हे ज्या त्या काळी ठरत आलं आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला चाकाची डागडुजी तिथेच शिकायला मिळाली. गाडीच्या चाकात मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडून केलेला पुठ्ठ्यांचा गोल, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचं. सुताराने लाकूडकाम संपवलं की लोहाराचं काम सुरू होई. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या गोल भट्टीत ती लाल होईस्तोवर तापवायची, तापून फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर उतरवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. निवताना लोखंड आकसतं आणि सगळे सांधे कचकन आवळले जातात. या रचनेत खिळ्यांपेक्षा ताणाचा भरवसा मोठा. पण उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आकसतं आणि धाव खुळखुळायला लागते. मग चाक पाण्यात भिजत घालून वेळ मारून नेता येई. तेवढ्याने भागलं नाही तर धाव काढायची, तिचा एक तुकडा कापून टाकायचा, टोकं पुन्हा जोडायची आणि तापवून परत चढवायची. धाव रस्त्यावर घासून झिजायची ती झिजायचीच. तिने झिजावं, पुठ्ठ्यांनी नाही, एवढ्यासाठीच तर ती होती. अशा चाकाला जुनं म्हणायचं की नवं, हा प्रश्नच तेव्हा गैरलागू होता. तुंबा आजोबांच्या वेळचा, चार आरे बापाने बदललेले आणि धाव याच वर्षी चढवलेली, असं चाक गावोगाव असणार. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. त्यांच्या कामाचा मोबदला सुगीला धान्यात ठरलेला. गावाच्या अर्थव्यवस्थेत चाकाच्या दुरुस्तीची तरतूद गृहीतच धरलेली होती, हा तपशील पुढच्या वादासाठी ध्यानात ठेवलेला बरा.

या डागडुजीला एक पंचांगही होतं. पोळा किंवा बेंदूर आला की बैल धुतले जात, शिंगं रंगवली जात, आणि उरलेला रंग गाडीच्या साट्याला, जुवाला, आऱ्यांना लागे. पूर्वी हिंगूळ आणि गेरू. पुढे तेलाचे रंग आले, तेही लहान लहान डब्यांतून. गिरगावात १९४२ साली चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये सुरू केलेल्या एशियन पेंट्सच्या वाटचालीत या लहान डब्यांचा वाटा मोठा सांगितला जातो, आणि शिंगं रंगवणारा शेतकरी हा त्या डब्यांचा एक मुख्य गिऱ्हाईक होता असंही सांगतात. दसऱ्याला हत्यारांची आणि वाहनांची पूजा. बैलगाडीच्या जागी मोटार आली तरी झेंडूची माळ तीच राहिली. तिसरा सण सरकारी. भाड्याच्या गाडीला योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, म्हणजेच बोलीभाषेतलं पासिंग. पासिंगला जायच्या आदल्या आठवड्यात ट्रक काय, टॅक्सी काय, चाकांसकट रंगून निघते. साहेबाने चाकाच्या रंगाकडे पाहिलं नाही तरी चालेल, पण गाडी नीट ठेवलेली दिसली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पोळा, दसरा, पासिंग: चाकाला रंग देण्याचं निमित्त दरवर्षी ठरलेलं होतं आणि त्यात कुणाला ना हौस दिसली ना हलाखी.

मोटारीचं चाक जन्माला आलं ते या गाडीच्या चाकाचंच भावंड म्हणून. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीला सायकलीसारखी तारांची चाकं होती, पण १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टीखाली बहुतेक वेळा लाकडी आऱ्यांचीच चाकं फिरत होती. तीही कोरड्या हवेत आकसत आणि करकरत. मालक ती खरवडून, ब्रशने रंग देऊन ठेवत. रंग वाळायला वेळ लागे, पण हत्यार म्हणाल तर एक ब्रश. हे चित्र बदललं ते १९२३-२४ मध्ये. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या दारूवर गबर झालेल्या द्यु पाँ कंपनीने त्याच नायट्रोसेल्युलोजपासून एक लॅकर काढलं आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ते पहिल्यांदा झळकलं. नाव ड्युको. जुन्या व्हार्निशी रंगाचे थर चढवून वाळवायला आठवडेच्या आठवडे जात. ड्युको तासाभरात वाळे. कारखान्यांचा केवढा फायदा झाला ते सांगायला नको. पण इतक्या झपाट्याने वाळणारा रंग ब्रशने मारता येत नाही, त्याच्या रेघा तशाच राहतात. त्याला फवाऱ्याची बंदूक हवी, बंदुकीला कॉम्प्रेसर हवा, आणि कॉम्प्रेसर असणारा माणूस म्हणजे कारागीर. शब्द कसे टिकतात पाहा: ते लॅकर विस्मरणात गेलं, तरी आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला अजून ‘ड्युको मारून देतो’ म्हणतो आणि सुतारही कपाटाला ड्युको करून देतो. त्या शब्दात त्या काळातली घडामोड गोठून राहिली आहे: रंग देणं आता मालकाचं काम राहिलं नव्हतं, ते दुकानाचं झालं होतं.

तेवढ्यात चाकही बदललं. दाबून घडवलेलं पोलादी चाक आलं, जे आपण अजून साधं ‘डिस्क’ किंवा ‘रिम’ म्हणून ओळखतो. सौंदर्याच्या दृष्टीने त्यात काही नाही. मधे एक चकचकीत टोपी बसवून त्याचा साधेपणा झाकला जाई. पण डागडुजीच्या दृष्टीने यापेक्षा भलं चाक झालं नाही. पोलाद लवतं, ठोकून सरळ होतं, गंजतं ते डोळ्यांना दिसेल असं गंजतं, आणि रेड ऑक्साइडचं अस्तर देऊन वर कुठलाही रंग धरतं. या चाकाचा भारतातला मुक्काम इतर देशांपेक्षा लांबला, त्याची कारणं आपल्या औद्योगिक धोरणात आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ज्या कंपन्या इथे सुटे भाग बनवायला तयार नाहीत त्यांनी निघावं असं धोरण आलं आणि ती व फोर्ड, दोघीही गेल्या. उरल्या मोजक्या: उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, हा मध्यमवर्गाच्या आयुष्यातला एक टप्पाच होऊन बसला. कुर्ल्यात बनलेल्या फिएट ११०० ची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती जी धावली ती ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या नोंदलेल्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत. एवढ्या दीर्घ संसारात त्या चाकांवर रंगाचे किती थर चढले असतील! रस्त्याकडेला उकिडवं बसून, टायरवर रंग उडू नये म्हणून रिमच्या कडेला ग्रीस फासून किंवा वर्तमानपत्र खोचून चाकं रंगवणारा माणूस हे मुंबईतलं रोजचं दृश्य होतं. टोपी चोरीला गेली तर चोरबाजारात मिळे. कदाचित स्वतःचीच परत विकत घ्यावी लागे, असा विनोदही तेव्हा रूढ होता. गोव्यात १९६१ पूर्वी आयातीला भारतासारखी आडकाठी नव्हती, त्यामुळे तिथे विदेशी गाड्या आल्या; पुढे त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा त्यांनाही हाच न्याय लागू झाला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. टंचाई होती म्हणून माणसं चाकं रंगवत होती. नवं सहज मिळालं असतं तर कोण घासत बसलं असतं? काटकसरीचं हे कौतुक म्हणजे परमिट राजच्या अभावाला दिलेलं गोंडस नाव, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. लोकांना निवड नव्हती हे खरंच. पण मग अमेरिकेचं काय करायचं? युद्धासाठी तिथलं नागरी मोटारींचं उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये थांबलं आणि टायरही शिधापत्रिकेवर आले, तेव्हा जुन्या गाड्या सांभाळणं भाग होतं. मात्र सेमूरचा डबा आला तो १९४९ मध्ये, आणि त्याचा खप वाढला तो त्यापुढच्या दोन दशकांत, म्हणजे गाड्यांचा सुकाळ असताना. नवी गाडी दर दोन-तीन वर्षांनी घ्यावी असं जाहिराती ओरडून सांगत होत्या त्या काळात. टंचाई हेच एकमेव कारण असतं तर तो डबा तिथे धूळ खात पडला असता. आपल्याकडेही १९९१ नंतर गाड्यांची रांग संपली, पैसे टाकले की गाडी मिळू लागली, आणि नेमके त्यानंतरच असे स्प्रेचे डबे शहरांतल्या हार्डवेअरच्या दुकानांत सर्रास दिसू लागले. टंचाईने माणसांना चाक रंगवायला लावलं असेल. पण टंचाई गेल्यावरही ती रंगवत राहिली, याचं उत्तर टंचाईत सापडत नाही. चाक रंगवण्याजोगं होतं, हे त्याचं उत्तर.

मग चाक रंगवण्याजोगं राहिलं नाही, असं वाटायला लावणारी गोष्ट आली: मिश्रधातूचं चाक. तिचा पूर्वज फार लवकर अवतरला. १९२४ च्या लिऑं ग्रां प्री शर्यतीला बुगात्तीने टाइप ३५ ही गाडी उतरवली, तिची आठ चपट्या आऱ्यांची चाकं अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती. त्या दिवशी टायरांनीच दगा दिला, पण चाकाची कल्पना टिकली. शर्यतींसाठी पुढे मॅग्नेशियमची चाकं ओतली गेली, कारण ती आणखी हलकी. आपल्याकडे मोटारसायकलीच्या ओतीव चाकाला सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात ते त्या मॅग्नेशियमवरून. आत मॅग्नेशियम नावालाच, आणि या बिचाऱ्या शब्दाला त्याचा पत्ता नाही. १९६० च्या दशकात पोर्शेच्या ९११ एस या गाडीला जर्मनीतल्या फुक्स कारखान्याची घडीव अ‍ॅल्युमिनियम चाकं लागली आणि शर्यतीतलं चाक रस्त्यावर आलं. आज बहुतेक गाड्यांच्या ओतीव चाकांत अ‍ॅल्युमिनियमबरोबर साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर त्यांना ठरावीक उष्णतेचा संस्कार देऊन बळकटी आणलेली असते. इथवर सगळं चाकाच्या भल्याचं. खरा बदल झाला तो पृष्ठभागात. पोलादी चाकाचा रंग हा उघडउघड रंग होता. मिश्रधातूच्या चाकावर अस्तर, रंग आणि वर काचेसारखा पारदर्शक थर आला. काहींचा दर्शनी भाग लेथवर बारीक कातून चमकवलेला आणि त्यावर फक्त तो पारदर्शक थर. आता फुटपाथच्या कडेला चाक एकदा घासलं की त्या थराला चीर पडते, आत ओलावा शिरतो आणि चमकत्या धातूवर पांढऱ्या केसांसारख्या गंजरेषा सरपटायला लागतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत त्या लवकर सरपटतात. ब्रेकच्या लोखंडी भुकटीचे गरम कण येऊन रुततात, ते वेगळंच. काचेच्या आतला डाग कसा पुसणार? अशा चाकाकडे पाहून मालकाला हतबल वाटतं, आणि सर्व्हिस सेंटर त्या हतबलतेला एकच उत्तर देतं: बदलून टाका. बलुतेदारीत ज्या कामाची तरतूद आधीच केलेली होती, त्या कामासाठी या व्यवस्थेत रकानाच नाही.

वास्तविक त्या पांढऱ्या रेषांखाली धातू शाबूत असतो. घरी काम करणाऱ्याला जे शिकावं लागतं ते एवढंच, की अ‍ॅल्युमिनियम हे पोलाद नव्हे. उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेशी भेट होताच स्वतःवर ऑक्साइडचं पातळ कवच चढवतं आणि साधा रंग त्या कवचाला धरत नाही, वर्षभरात पापुद्रा निघतो. म्हणून पांढरी भुकटी मुळापर्यंत घासून काढायची, पाण्याच्या पेपरने जुन्या रंगाच्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या उतरत्या करायच्या, घासटलेल्या कडेला धातूसाठीची लांबी भरायची, मग अ‍ॅल्युमिनियमला धरणारं एचिंग प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. एका जाड हातापेक्षा तीन पातळ बरे, ही गोष्ट भिंत रंगवणारालाही ठाऊक असते. टायर काढायची सोय नसेल तर रिम आणि टायर यांच्या फटीत जुने पत्ते ओळीने खोचायचे. कॅटमधले बावन्न पत्ते एका चाकाला पुरून उरतात. खर्च म्हणाल तर पेपर, लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर आणि दोन सुट्या. नव्या एका चाकाच्या किमतीत चारही चाकं होऊन पैसे वाचतात. डोळे दिपतील असं काम यातून होत नाही, हे कबूल. लेथवर कातलेली चमक घरी येणार नाही; तिथे एकरंगी चांदी रंगावर समाधान मानावं लागतं, आणि माझ्या मते ते चाक आधीपेक्षा अधिक शहाणं असतं, कारण पुढच्या वेळी ते पुन्हा रंगवता येतं.

यावर दुसरा आक्षेप जिवाशी संबंधित आहे. चाक म्हणजे फुलदाणी नव्हे. ते मोडलं तर माणूस मरतो, म्हणून अडाण्याने त्याला हात लावू नये. ही भीती खोटी नाही, फक्त ती जिथे लागू पडते तिथेच लावली पाहिजे. पृष्ठभाग आणि अंग हे दोन वेगळे विषय आहेत. रंग, अस्तर, कडेच्या वरवरच्या ओरखड्यात भरलेली लांबी, यांनी चाकाची ताकद वाढतही नाही आणि घटतही नाही. तडा वेल्डिंग करून बुजवणं, खड्ड्यात वाकलेली कड आगीवर गरम करून ठोकणं, ही मात्र अंगाची शस्त्रक्रिया. पोलादी रिम ठोकून सरळ करण्याची आपली पिढीजात सवय मिश्रधातूला लावणं धोक्याचं आहे, कारण कारखान्यात त्याला बळ दिलं गेलं ते दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या मोजक्या शेकाने, आणि गॅसच्या ज्योतीवर तो सगळा हिशेब विस्कटतो. पावडर कोटिंगची भट्टीही १८० ते २०० अंशांवर चालते, म्हणून तिथे वेळ काटेकोर पाळावा लागतो. चाक तासन् तास आत विसरणाऱ्याकडे ते देऊ नये. गंमत अशी, की घरच्या रंगकामात जी खरी चूक होते तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. नट जिथे टेकतात त्या निमुळत्या खळग्यांत आणि चाक हबला जिथे चिकटतं त्या पाठीमागच्या सपाट भागावर रंग जाता कामा नये. तिथला रंग दाबाने चुरगळतो, झडतो आणि घट्ट आवळलेला नट काही दिवसांनी सैल पडतो. रस्त्याकडेच्या पेंटरांनी चाकं सरसकट रंगवली ती या बाबतीत चुकीचीच, आणि जुनं ते सोनं म्हणत त्यांचीही री ओढण्याचं कारण नाही. तसंच जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. तेव्हा जुनं पोलादी चाक कोरडं घासू नये, पाणी मारत घासावं, आणि पोरांना लांब ठेवावं.

पण ही सगळी माहिती मालकाला मिळते कुठून? गॅरेजमधून, कानोकानी, बहुतेक वेळा अर्धवट. गाडीच्या अंगाला कोणता रंग आहे त्याचा संकेतांक कंपनी पत्र्याच्या पट्टीवर छापते. दाराला ओरखडा आला तर तो दाखवून नेमका रंग मिळवता येतो. चाकाच्या रंगासाठी असा संकेतांक मालकाला सहसा कुठेच सापडत नाही. धाव कशी चढवायची हे गावातल्या लोहाराला माहीत होतं आणि ते त्याने कधी गुपित ठेवलं नाही. त्याच्या दारात भट्टी पेटली की पोरंसोरं भोवती उभी राहून बघत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं आणि ज्या चार क्षेत्रांसाठी ते आहे त्यांत मोटारींचाही समावेश केला. त्यावर दुरुस्तीची माहिती देणाऱ्या वाहन कंपन्यांनी आणखी तीन गोष्टी द्याव्यात: चाकाच्या रंगाचा संकेतांक, अस्तरापासून वरच्या थरापर्यंतचा क्रम, आणि किती खोल ओरखड्यापर्यंत चाक रंगवण्याजोगं मानायचं त्याचं माप. वाहनमालकांच्या संघटनांनी ही मागणी लेखी करावी.